आवाज खाली, सूर तोच

शकूताई कुठल्याही नव्या जागेत शिरल्या की आधी एक टाळी वाजवायच्या. एकच. मग मान जराशी तिरकी करून थांबायच्या आणि निकाल द्यायच्या. "ही खोली कोरडी आहे." "ही खोली खोटं बोलते, जपून गावं लागेल." अंबरनाथच्या एका मंगल कार्यालयात त्यांनी अशी टाळी वाजवली तेव्हा आतून मॅनेजर धावत आला. त्याला वाटलं, आपल्यालाच बोलावलं.

"चहा आणू का मॅडम?"

"आण बाबा," शकूताई म्हणाल्या. "तुझा हॉल तर काही बोलायला तयार नाही. तू तरी बोललास."

मी त्यांच्यामागे तंबोऱ्याची गवसणी सांभाळत उभा होतो. त्यांच्या आयुष्यात माझी जागा बहुतेक वेळा तीच होती, दोन पावलं मागे. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे ते काही मोठा शिष्य म्हणून नाही. मी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होतो, राहायला उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात. दोन हजार साल उजाडलं त्या सुमारास, वयाच्या पस्तिशीत, कुणीतरी सांगितलं म्हणून बदलापूर गावात त्यांच्याकडे गाणं शिकायला गेलो. तीन महिने त्यांनी मला सहन केलं. मग एका संध्याकाळी म्हणाल्या, "सावंत, तुझा कान बरा आहे. गळ्याचं काही खरं नाही. उद्यापासून कान घेऊन ये, गळा घरी ठेव."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. तेव्हापासून मी तंबोरा धरायला लागलो आणि पुढे त्यांच्या कार्यक्रमांचे माईक लावायला, मिक्सर सांभाळायला शिकलो.

शकूताई बुटक्या, बांध्याने भक्कम, गोल चष्म्याच्या. हातात कायम गरम पाण्याचा थर्मास आणि रुमालाच्या टोकाला बांधलेले ज्येष्ठमधाचे तुकडे. थंड पाणी नाही, दही नाही, लोणचं नाही. उल्हासनगरच्या सिंधी लग्नांत त्यांचं गाणं असे तेव्हा जेवणानंतर कुल्फी यायची. त्या वाटी हातात घ्यायच्या आणि कुल्फी पूर्ण वितळेपर्यंत तिच्याकडे नुसत्या बघत बसायच्या. मग वाटी माझ्याकडे सरकवायच्या. "घे. माझं बघून झालं."

त्यांच्या क्लासला नियम थोडे होते. मुलगी चुकली तर त्या थांबवायच्या नाहीत, बोलायच्या तर नाहीतच. गावातल्या त्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत खालून रिक्षांचे हॉर्न येत. त्यांच्यावर मात करायला मुली आवाज चढवायच्या. शकूताई फक्त हात पुढे करायच्या, पंजा पालथा, आणि तो सावकाश खाली न्यायच्या, कुणा लहानग्याला झोपवताना थोपटावं तसा. त्या खुणेचा अर्थ प्रत्येक नव्या मुलीला एकदाच सांगितला जाई. "आवाज खाली, सूर तोच." आवाज कमी करायला लागलं की सूर पडतो, हे गाणाऱ्यांना माहीत असतं. सूर जिथल्या तिथे ठेवून आवाज खाली आणणं हीच मेहनत, असं त्या म्हणत. ज्याला ओरडून गाता येतं त्याला अजून काही येत नाही.

त्यांचं गाणं कुठे कुठे पोचलं होतं याचा विचार केला की हसू येतं. डोंबिवली-पुण्याच्या खाजगी बैठका त्यांनी केल्या, रेडिओची परीक्षा त्या पास झाल्या, एका शाळेत बदली शिक्षिका म्हणून 'गवतफुला'सारख्या कविता चालीत बसवून शिकवल्या, स्टुडिओत कोरसमध्ये उभ्या राहिल्या. आणि दर महिन्याला उल्हासनगरच्या एका दरबारात, म्हणजे सिंध्यांच्या देवस्थानात, सिंधी भजनं. तिथला पहिला दिवस मला आठवतो. शकूताईंनी डोळे मिटून आलाप सुरू केला आणि त्या आलापातच रमल्या. पंधरा-वीस मिनिटं गेली. पुढे बसलेली एक पांढऱ्या दुपट्ट्याची आजी बराच वेळ वाट बघून शेवटी म्हणाली, "बेटा, गाना कब शुरू करेगी?"

शकूताईंनी डोळे उघडले. "माताजी, अभी तो दुकान का शटर उठा रही हूँ."

सगळा दरबार हसला. व्यापारी माणसं ती, शटर म्हटल्यावर त्यांना सगळं समजलं. पुढच्या महिन्यापासून ती आजी शेजारणींना बजावायची, "चुप, चुप, शटर खुल रहा है."

एकदा त्यांनी अंबरनाथच्या एका साडीवाल्यासाठी रिक्षावरून वाजवायची जाहिरातही गाऊन दिली. तीन रिक्षा भोंगे लावून दिवसभर फिरत होत्या, आणि "साड्यांचा सेल, साड्यांचा सेल" हे भूप रागात गावभर ऐकू येत होतं. नेमके त्याच दिवशी त्यांचे गुरू, कल्याणचे बुवा, बदलापूरला आले होते. बुवा नव्वदीला टेकलेले, कडक. पेटीलासुद्धा गाण्याच्या खोलीत जागा न देणारे. तंबोरा आणि गळा, बाकी सगळा गोंगाट, असं त्यांचं मत. ते घरात आले, बसले, पाणी प्यायले. शकूताई मान खाली घालून उभ्या. खालून रिक्षा गेली, सेल सांगून गेली. बुवांनी जाहिरात शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि मग ते म्हणाले, "सगळं ठीक. शेवटी निषाद कशाला लावलास? भूपात निषाद नाही."

"दुकानदाराला तिथं जरा गोड पाहिजे होतं, बुवा."

"मग दुसरा राग घ्यायचा होता," बुवा म्हणाले. विषय तिथे संपला.

याच बुवांकडे त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील, नाना, अंबरनाथच्या फॅक्टरीत कामाला होते आणि वस्तीतल्या गायन पार्टीत बेंजो वाजवायचे. बेंजो म्हणजे आपला बुलबुलतरंग. लांबट लाकडी पेटी, वर तारा, त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या पत्तीने तार छेडायची. नाना बाबासाहेबांची गाणी वाजवायचे आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून ही पोर वाजवायची. आठव्या वर्षी ती सगळ्या पार्टीच्या पुढे बसायला लागली. जयंतीला बायका तिला बघायला यायच्या. तिचं नावच पडलं होतं, बेंजोवाली शकू.

कुणीतरी नानांना सांगितलं, पोरीचा गळा चांगला आहे, कल्याणला बुवांकडे घेऊन जा. नाना घेऊन गेले. पोरीने हौसेने बेंजोही बरोबर घेतला. दारातच बुवा म्हणाले, "ते खेळणं बाहेर ठेव आणि आत ये." तिने तो चपलांच्या रांगेत ठेवला.

हे त्या मला अगदी साधेपणाने सांगायच्या. एकदा मी विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"बाहेर आले तेव्हा चपलाही होत्या, बेंजोही होता," त्या म्हणाल्या. "तेवढंच बघितलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि बुवांचं चुकीचं नव्हतं रे. त्याच्या बटणांत गंधार बसत नाही. कारखान्यात तयार झालेला गंधार तो. जरा चढा असतो, केसाएवढा. लहान पोराच्या कानात एकदा तो शिरला की निघत नाही. बुवांनी मला तो काढायला दोन वर्षं राबवलं." त्याच दिवशी बेंजो नानांच्या घरी माळ्यावर गेला.

आता जे सांगायचं आहे ते लिहायचं मी इतके दिवस टाळत होतो.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास त्यांच्या गळ्यापाशी एक गाठ दिसायला लागली. थायरॉईडची. वाढत होती. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आवाजाच्या नसेला धोका असू शकतो हेही स्पष्ट सांगितलं. आठवडाभर शकूताई कुणाशी बोलल्या नाहीत. लग्न केलेलं नव्हतं, भाऊ लवकर गेलेला, त्याची एक मुलगी नाशिकला. शेवटी त्यांनी मला विचारलं.

"सावंत, करू का?"

लॅबमध्ये काम करणारा माणूस मी. रिपोर्ट वाचता येतात, एवढीच माझी लायकी. मी म्हणालो, "करा ताई. गाठ ठेवण्यात अर्थ नाही. आवाजाला काही होत नाही."

यातलं शेवटचं वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना धीर यावा म्हणून ते मी स्वतःच जोडलं. ऑपरेशन करायलाच हवं होतं, ते नीट झालं, गाठ गेली, कुणाचाही दोष नव्हता. माझी बायको आजही हेच म्हणते. पण ते वाक्य माझं होतं.

आवाज गेला. अगदी मुका नाही, पण उरली ती फक्त हवा. बोलल्या की कुणी कोऱ्या कागदावर हात फिरवतंय असं वाटे. सहा महिने थांबा म्हणाले, थांबलो. शेवटच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगितलं, आता यापुढे फार फरक पडणार नाही. आम्ही रिक्षाने परत येत होतो. उल्हासनगरच्या बाजारात त्यांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारून त्याला थांबवलं आणि कुल्फी-फालुद्याच्या दुकानात जाऊन बसल्या. दोन प्लेटी मागवल्या. कुल्फी आली. या वेळी त्यांनी वाट बघितली नाही. चमच्याने मोठे मोठे तुकडे काढून सगळी खाल्ली, खालचं दूधसुद्धा. मग माझ्या प्लेटकडे बोट दाखवलं.

"खा ना. थंड आहे म्हणून घाबरतोस?"

मला एक घासही घेता येईना. त्यांनी ती प्लेटही ओढून घेतली.

क्लास बंद झाला. मुली येऊन नुसत्या बसायच्या, रडायच्या, मग यायच्या थांबल्या. मी मात्र जात राहिलो. मी तंबोरा लावून बसायचो, त्या ऐकायच्या. तासभर आम्ही दोघे तो तंबोरा ऐकत असू आणि त्यात कुणी गात नसे.

एके दिवशी त्या म्हणाल्या, "नानांच्या माळ्यावरून बेंजो काढून आण."

अंबरनाथच्या त्या घरात आता बाळू राहत होता. नानांच्या पार्टीतल्या ढोलकीवाल्याचा मुलगा, आता स्वतः पार्टी चालवणारा. त्याने माळ्यावर चढून बेंजो काढला, शर्टाने पुसला आणि माझ्या हातात देताना त्याला नमस्कार केला. "नानांचा आहे. सांभाळून न्या दादा."

तारा गंजल्या होत्या, दोन बटणं तुटली होती. शकूताईंनी घासलेटाने सगळं साफ केलं, नव्या तारा चढवल्या आणि वाजवायला बसल्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी. त्यांची बोटं अडखळलीच नाहीत. नानांच्या जुन्या चाली एकामागून एक निघायला लागल्या. त्या हसत होत्या, चष्मा नाकावर घसरत होता, आठ वर्षांची पोर दिसत होत्या. मी मनात म्हटलं, चला, देवाने एक दार उघडलं.

मग त्यांनी मला तंबोरा लावायला सांगितला. तंबोऱ्यावर त्यांनी गंधाराचं बटण दाबलं आणि हात उचलला. पुन्हा दाबलं. चेहरा बदलला.

"हा माझा नाही."

पुढचे दोन महिने आम्ही त्या एका वाक्याच्या मागे होतो. बटणांखाली तारेला अडवायला धातूचे बारीक पडदे असतात. ते त्यांनी पकडीने उपटले. मी सायकलच्या स्पोकचे तुकडे कापून आणायचो, लॅबमधली बारीक कानस आणायचो, ते घासायचो. त्या तंबोरा ऐकत तुकडा कणाकणाने सरकवायच्या आणि हाताने खूण करायच्या की मी गोंद लावायचा. गंधार, मग धैवत, मग निषाद. कधी एक तुकडा आठवडाभर जागेवर बसायचा नाही. ज्या दिवशी गंधार बसला त्या दिवशी त्यांनी पत्ती एकदाच मारली आणि तारेचा आवाज विरेपर्यंत डोळे उघडले नाहीत. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण तो गंधार मी ओळखला. गेली पाच-सहा वर्षं तो मी त्यांच्या मागे बसून ऐकला होता. गळ्यातला होता तो.

मी किती खूश होतो! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी परत मिळालं, असं मला वाटलं. आपण काय करतो आहोत हे माझ्या लक्षातच आलं नाही.

बेंजो खाली आला ही बातमी वस्तीत पसरली होती. मार्चमध्ये बाळू मिठाई घेऊन बदलापूरला आला.

"आत्या, एप्रिलला जयंतीचा प्रोग्राम आहे. नानांच्या जागेवर तुम्ही बसायचं. नाही म्हणायचं नाही."

शकूताईंनी मान हलवली, म्हणजे नाही.

"म्हाताऱ्या बायका रोज विचारतात, शकू वाजवते म्हणे, खरं का? आत्या, तुम्ही इतकी वर्षं सगळ्या जगात गायलात. पुण्यात गायलात, सिंध्यांकडे गायलात. आपल्या मैदानात कुठं बसलात?"

हे खरं होतं. शकूताईंनी मिठाईचा पुडा जवळ ओढला. मग अगदी खालच्या श्वासात म्हणाल्या, "किती वाजता?"

तालीम वस्तीतल्या बुद्धविहारात होती. शकूताई आत शिरल्या, टाळी वाजवली, मान तिरकी केली. "चांगली आहे," त्या पुटपुटल्या. "घरचीच आहे." बाळूने ढोलकी घेतली, कोरसच्या चार बायका बसल्या आणि कीबोर्डवर सनी, एकोणीस-वीस वर्षांचा, केस उभे केलेला. सगळी गाणी आता कीबोर्डवर बसवलेली होती. पहिलं गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीलाच माझा कान अडला.

गंधार येईल तिथे दोन गंधार ऐकू येत होते. एक कीबोर्डचा, तोच कारखान्यातला चढा, आणि एक शकूताईंचा. मधे केसाएवढं अंतर, पण तेवढ्या फटीतून सगळं गाणं गळत होतं. धैवतालाही तेच.

सनी थांबला. नम्रपणेच म्हणाला, "आत्या, बेंजो थोडा उतरलाय काय? ट्युनिंग करून घ्या ना, प्लीज. बेसूर लागतोय."

कोरसच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाळूने सनीच्या पाठीत धपाटा घातला. "कुणाला बोलतोस, कळतं का? बुवांकडे शिकल्यात त्या!"

"अरे मी कुठं काय बोललो! मशीनमध्ये फिक्स असतं ना, ते कसं चुकेल?"

शकूताईंना 'बेसूर' या शब्दाचा राग आला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यांनी सनीला जवळ बोलावलं, आपल्या बेंजोवर एक सूर वाजवला, त्याला त्याच्या मशीनवर वाजवायला लावला. पोराने कान दिला. "वेगळा आहे," तो म्हणाला. "पण आत्या, तुमचा एकटा ऐकला ना, तर भारी वाटतो."

"हं," शकूताई म्हणाल्या. "एकटा."

घरी आल्यावर मीच पकड काढली. म्हटलं, "ताई, पडदे परत जागेवर बसवू. महिनाभराचं काम नाही, कारखान्याच्या खुणा अजून दिसतात." त्यांनी पकड हातात घेतली. गंधाराच्या तुकड्याला लावली. मग पकड खाली ठेवली.

"गळ्यातलं सामान इथं आणून ठेवलंय, सावंत. आता परत कुठं हलवू?"

"मग बाळूला नाही सांगू?"

"म्हाताऱ्या वाट बघतायत."

आपल्या माणसांना ऐकवायचं तर कानातला सूर सोडायला हवा, आणि तो ठेवायचा तर नानांची जागा सोडायला हवी. मला वाटलं, काहीतरी उपाय असेल, मी मिक्सरवर बसणारच आहे, ऐन वेळी काही जमवू.

जयंतीच्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, पहिल्या रांगेत म्हाताऱ्या. शकूताई पांढरी साडी नेसून नानांच्या जागेवर बसल्या तेव्हा त्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी समोर, लोकांच्या मागे, मिक्सरवर. पहिलं गाणं सुरू झालं. मोठ्या स्पीकरवर ती फट आता विहारातल्यापेक्षा दसपट मोठी झाली होती. दोन-चार माणसं मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. त्यांना वाटलं, माईकमध्ये काही बिघाड आहे.

पहिलं गाणं संपलं. दुसरं सुरू झालं. तेवढ्यात शकूताईंनी मान वर करून गर्दीवरून थेट माझ्याकडे बघितलं. पत्ती धरलेला उजवा हात क्षणभर तारेवरून उचलला. पंजा पालथा केला आणि सावकाश खाली नेला.

मला समजलं. मी समजलो नाही असं दाखवलं. उगीच वायर बघायला वाकलो. वर बघितलं तर हात तसाच पुढे होता.

मी मिक्सरवरची त्यांच्या माईकच्या आवाजाची सरकती पट्टी खाली सरकवली. पूर्ण खाली.

मैदानात गाणं एकदम स्वच्छ झालं. मागे वळून बघणारी माणसं पुढे बघायला लागली. बाळूच्या ढोलकीला जोर चढला. आणि शकूताई वाजवत राहिल्या, तितक्याच जोराने, मान डोलावत, नानांच्या जागेवर बसून. त्यांच्या बोटांतून निघालेलं काहीही स्टेजच्या कडेपर्यंतसुद्धा पोचत नव्हतं.

मिक्सरवर प्रत्येक वाद्याच्या पट्टीपाशी एक छोटं बटण असतं. पट्टी पूर्ण खाली असली तरी ते दाबलं की तेवढं एकच वाद्य हेडफोनमध्ये ऐकू येतं. तपासण्यासाठी असतं ते. मी हेडफोन कानाला लावले आणि ते बटण दाबलं.

ढोलकी गेली, कोरस गेला, कीबोर्ड गेला, मैदान गेलं. फक्त बेंजो. आणि तो गंधार, लावला तेव्हा होता तसाच, जागच्या जागी.

प्रोग्राम संपल्यावर बाळू धावत त्यांच्या पाया पडायला आला. "आत्या, काय जमलंय आज! तालमीला उगाच टेन्शन घेतलं आपण." सनी मागे उभा होता. त्याला काहीतरी कळलं असावं. तो वाकला, बेंजोला हात लावून हात छातीला लावला आणि निघून गेला.

बदलापूरच्या रिक्षात बेंजो त्यांच्या मांडीवर होता.

"बाळूला कळलं नाही ना?"

"नाही."

त्या हसल्या. त्यांच्या हसण्याला आता आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे.

"ताई, पुढच्या वर्षी आपण पहिलं एक तुमचं एकटीचं ठेवू. मी बाळूशी बोलतो."

"लोक माझं ऐकायला येत नाहीत तिथं. बाबासाहेबांचं ऐकायला येतात. मधे येऊन बसू नकोस." थोडा रस्ता गेला. मग म्हणाल्या, "तुला ऐकू येत होतं?"

"हेडफोनमधून."

"गंधार?"

"हो."

"कसा होता?"

"मला काय कळतं ताई."

"म्हणून तर विचारते."

"तुमचाच होता," मी म्हणालो. त्या बाहेर बघायला लागल्या.

त्यानंतर दर वर्षी त्या बसल्या. दर वर्षी दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला हात पुढे यायचा, पालथा, आणि मी पट्टी खाली घ्यायचो. पहिलं गाणं त्या का वाजू द्यायच्या ते मी कधी विचारलं नाही. पुढे त्यांची तब्येत उतरली, भाचीने त्यांना नाशिकला नेलं आणि तिथेच त्या गेल्या. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यामुळे माझ्यापाशी त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्याआधीच्या एप्रिलमधलं.

त्या वर्षी त्यांना दोघांनी धरून स्टेजवर चढवलं होतं. हात थरथरत होते, पण बटणांवर ठेवले की थांबत. दुसऱ्या गाण्याला खूण आली. मी पट्टी खाली घेतली, पण पूर्ण नाही. अगदी तळाशी, जरा उघडी ठेवली. इतकी वर्षं ज्या एका वाक्यासाठी मी स्वतःला बोल लावत आलो होतो, त्याची थोडी तरी भरपाई व्हावी असं काहीसं माझ्या मनात होतं. एवढ्या कोलाहलात कुणाला कळणार होतं?

त्यांना कळलं. वाजवता वाजवता त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. हात पुन्हा पुढे आला आणि सावकाश खाली गेला. चेहऱ्यावर राग नव्हता. क्लासमधल्या एखाद्या मुलीला दुसऱ्यांदा सांगावं, तसा तो हात होता.

मी पट्टी तळाला टेकवली आणि हेडफोन कानाला लावले.

माझ्या पुढ्यातच एक म्हातारी नातसुनेला स्टेजकडे बोट दाखवून काही सांगत होती. हेडफोनमुळे मला तिचे शब्द ऐकू येईनात, म्हणून मी एका कानावरचा सरकवला.

"नानाची पोरगी ती," म्हातारी म्हणत होती. "बेंजोवाली शकू. ऐक, काय वाजवते बघ."

नातसून टाचा उंच करून ऐकायला लागली. मी हेडफोन परत कानावर ओढला आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला.